सुखाची कळ

लग्नकार्य असो, परगावी निघणे असो, की परीक्षेचा पहिला दिवस असो, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडले म्हणजे बहुधा एकच आशीर्वाद मिळतो: "सुखी राहा." आशीर्वाद देणारी आजी डोक्यावर हात ठेवते, तोंडावरून बोटे फिरवते, कानशिलावर कडाकडा मोडते. पण सुखी राहावे कसे, हे मात्र ती सांगत नाही. तिला विचारले तर ती हसून म्हणेल, "ते ज्याचे त्याला कळते बाबा!"

ज्याचे त्याला कळते, हे खरे. पण ते कळते कोठे? शरीरात सुखाला एखादी जागा आहे का? पोटाला भूक कळते, कातडीला ऊन कळते, तसे सुख कशाला कळते? आणि ते ठिकाण सापडले तर विहिरीतला गाळ काढून झरा मोकळा करतात तसा सुखाचा झरा मोकळा करता येईल का? संतांनी आणि तत्त्ववेत्त्यांनी या प्रश्नांचा विचार फार पूर्वीपासून केला. प्रयोगशाळेत मात्र हा प्रश्न शिरला तो गेल्या शतकाच्या मध्याला. त्या सत्तर-पाऊणशे वर्षांच्या शोधाची हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे. ती सरळ रस्त्याची नाही. पुष्कळ वेळा शोधकांना वाटले, सुख सापडले. आणि मूठ उघडून पाहतात तो हाती भलतेच काही आले होते.

पहिली गोष्ट कॅनडातली. माँट्रियल शहरातील मॅक्‌गिल विद्यापीठात १९५३ साली जेम्स ओल्ड्‌स आणि पीटर मिल्नर हे दोन तरुण संशोधक उंदरांवर प्रयोग करीत होते. उंदराच्या मेंदूत केसासारखी बारीक तार बसवायची, तिच्यातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडायचा आणि उंदीर काय करतो ते पाहायचे, असा तो प्रयोग होता. तार बसवायची होती एका ठिकाणी, पण एका उंदराच्या बाबतीत ती थोडी चुकून भलत्याच जागी बसली. उंदीर मोठ्या खोक्यात मोकळा हिंडत होता. एका कोपऱ्यात गेला की त्याला विजेचा स्पर्श मिळे. त्याने तो कोपरा टाळावयास हवा होता. हा पठ्ठ्या मात्र फिरून फिरून त्याच कोपऱ्यात येऊ लागला!

मग त्या दोघांनी पिंजऱ्यात एक कळ बसवली. उंदराने ती पंजाने दाबली की त्याच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श व्हावा, अशी योजना केली. उंदीर ती कळ दाबू लागले. एकदा नाही, दहादा नाही, पुढच्या प्रयोगांत तर काही उंदरांनी तासाला हजारो वेळा कळ दाबली. समोर अन्न ठेवले तरी त्यांचे लक्ष कळीकडेच. थकून पडेपर्यंत त्यांचा हा उद्योग चाले. १९५४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि बोलबाला झाला की मेंदूतले सुखाचे केंद्र सापडले.

आपल्या मराठीत 'कळ' हा शब्द मोठा गमतीचा आहे. दाबावयाची ती कळ, आणि दुखावते तीही कळच. उंदराने दाबलेली कळ यांपैकी कोणती होती, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. तो पुढे पस्तीस वर्षांनी विचारला गेला. तिकडे वळण्यापूर्वी आपण जरा मुंबईला जाऊन येऊ.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्या देशाला जुन्या काळापासून ठाऊक आहे. तिच्या मुळ्या वैद्य लोक झोप न येणे, वेड, साप चावणे अशा नाना तक्रारींवर देत असत. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्या उपयोगाविषयी लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या अनेक रोग्यांना ती देऊन बारकाईने नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली आपला निबंध इंग्लंडमधील एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. तो वाचून जगाचे डोळे या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पीन नावाचे द्रव्य वेगळे काढले. रक्तदाब उतरवणारे आणि खवळलेल्या मनोरुग्णाला शांत करणारे औषध म्हणून ते देशोदेशी गेले.

पण लवकरच डॉक्टरांच्या ध्यानात आले की हे औषध घेणारे काही रोगी नुसते शांत होत नाहीत, ते खिन्न होतात. असे का व्हावे? स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पीन दिले. ससे जागे होते, पण कान टाकून मुटकुळे करून बसले. हालेनात की चालेनात. मग त्यांनी सशांना एल-डोपा नावाचे द्रव्य टोचले. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले! या द्रव्यापासून शरीरात डोपामिन नावाचा रस तयार होतो. मेंदूतील एक पेशी दुसरीला निरोप देते तो अशा रसांच्या मार्फत, आणि डोपामिन हा त्यांतला एक महत्त्वाचा निरोप्या आहे, हे या सशांनी दाखवून दिले. या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या रानातली एक मुळी मेंदूचे कुलूप उघडावयाला अशी उपयोगी पडली.

पुढे असे दिसले की ओल्ड्‌स यांच्या उंदराने कळ दाबली म्हणजे मेंदूतल्या या डोपामिनच्याच वाटा जाग्या होतात. झाले! लोकांनी दोन अधिक दोन चार केले आणि डोपामिन म्हणजे सुखाचा रस असे ठरवून टाकले. आजही वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर असेच लिहिलेले आपण वाचता. पण ही बेरीज चुकली होती.

ती चूक दाखवली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. उंदराच्या जिभेवर साखरेचे पाणी ठेवले तर तो मिटक्या मारतो, ओठ चाटतो. कडू ठेवले तर तोंड वाकडे करतो. तान्ही मुलेही अगदी तसेच करतात. बेरिज यांनी काही उंदरांच्या मेंदूतले डोपामिन जवळजवळ नाहीसे केले. ते उंदीर अन्नाकडे फिरकेनात. नळीने भरवले नाही तर उपाशी मरावेत, अशी त्यांची अवस्था झाली. डोपामिन हा सुखाचा रस असता, तर या उंदरांना साखर गोड लागावयास नको होती. पण जिभेवर साखरेचा थेंब ठेवताच ते पूर्वीसारखेच मिटक्या मारू लागले! १९८९ साली हे काम प्रसिद्ध झाले. त्याचा अर्थ असा की गोडी शाबूत होती, गेली होती ती ओढ.

शिक्षकबंधु-भगिनींनो, हा भेद मुद्दाम ध्यानात घेण्यासारखा आहे. हवेसे वाटणे निराळे आणि आवडणे निराळे. मेंदूत या दोहोंची व्यवस्थाही निराळी आहे. ओढीचे कारखाने मोठे आणि दणकट आहेत. खऱ्या गोडीच्या जागा फार लहान, उंदराच्या मेंदूत तर मोहरीच्या दाण्याएवढ्या, आणि त्यांचे रसही वेगळे आहेत. म्हणजे तासाला हजार वेळा कळ दाबणारा तो उंदीर सुखात न्हात होता असे म्हणता येत नाही. त्याला फक्त आणखी एकदा, आणखी एकदा असे वाटत होते. दारूच्या गुत्त्यावर रोज जाणारा माणूस तरी दुसरे काय सांगतो? पहिल्या पेल्याची गोडी केव्हाच सरलेली असते. ओढ मात्र वाढत गेलेली असते. रात्री बारा वाजता अंथरुणात मोबाइलची काच वर सरकवत बसलेल्या मुलाला विचारा, "मजा येते आहे का रे?" तो बहुधा म्हणेल, "नाही." तरी बोट थांबत नाही.

ओढीचे हे काम चालते कसे, हे स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्‌झ यांनी माकडांवरून पाहिले. डोपामिन तयार करणाऱ्या एकेका पेशीची हालचाल ते यंत्राने ऐकत. माकडाला अवचित फळाचा रस दिला की पेशी खडबडून जागी होई. मग रसाच्या आधी दिवा लावण्याची सवय केली. दिवा लागला की रस येतो हे माकडाला कळल्यावर पेशी दिव्यालाच जागी होऊ लागली, आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा स्वस्थ राहू लागली! दिवा लावून रस दिलाच नाही, तर नेमक्या रसाच्या वेळी पेशी पूर्वीपेक्षाही गप्प पडे. म्हणजे ही पेशी सुख मोजत नव्हती. अपेक्षा आणि पदरात पडलेले, यांतला फरक ती मोजत होती. या निष्कर्षाची नीट मांडणी १९९७ साली झाली.

आठवड्याच्या बाजाराला निघालेले पोर आठवा. आई म्हणते, "शहाण्यासारखा वागलास तर जिलबी घेईन." सगळी वाट ते उड्या मारीत जाते. जिलबी पहिल्यांदा मिळते तेव्हा स्वर्ग दोन बोटे उरतो. दर आठवड्याला मिळू लागली की जिलबीचे काही वाटत नाही. पण एखाद्या आठवड्यात मिळाली नाही तर रडून गोंधळ. मोठ्यांच्या पगाराचे, नव्या गाडीचे, पक्क्या घराचे असेच होते. निसर्गाने हे यंत्र आपल्याला समाधानी ठेवण्यासाठी बनवलेले नाही. पुढचे पाऊल टाकावयाला लावण्यासाठी बनवले आहे. म्हणून मिळालेली वस्तू लवकर जुनी होते, यात आपल्या स्वभावाचा दोष मानून खट्टू होण्याचे कारण नाही. पण हे यंत्र ओळखून मात्र असावे.

मग माणूस मुळीच सुखी होऊ शकत नाही की काय? १९७८ साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. लॉटरीत मोठी रक्कम लागलेली २२ माणसे, अपघाताने हातपाय लुळे झालेली २९ माणसे, आणि ज्यांच्या आयुष्यात यांपैकी काही घडले नव्हते अशी २२ माणसे त्यांनी गाठली. लॉटरीवाले इतरांपेक्षा फारसे सुखी आढळले नाहीत. उलट सकाळची न्याहारी, मित्राशी गप्पा, एखादा विनोद ऐकणे अशा रोजच्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झाली होती. अपघातग्रस्त लोक इतरांपेक्षा दुःखी होते, पण आपण कल्पना करू तितके नव्हते.

या लहानशा पाहणीवरून पुष्कळांनी मोठे निष्कर्ष काढले. कोणी म्हणाले, माणूस घाण्याच्या बैलासारखा आहे, कितीही चालला तरी जागच्या जागी. हे अतिशयोक्तीचे होते. नंतरच्या मोठ्या पाहण्यांनी दाखवले की कायमचे अपंगत्व आणि बेकारी यांचे व्रण वर्षानुवर्षे राहतात. स्वीडनमध्ये लॉटरी लागलेल्या हजारो लोकांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात जीवनाविषयीचे समाधान दहा-दहा वर्षांनंतरही वाढलेले आढळले. तेव्हा पैशाने काहीच होत नाही, हे भरल्या पोटाने सांगितलेले तत्त्वज्ञान आहे. ज्याची विहीर आटली, ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला आधी पाणी हवे, मालाला भाव हवा, सावकारापासून सुटका हवी. सुखाचे शास्त्र या गोष्टींची जागा घेऊ शकत नाही, आणि तसे कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

ब्रिकमन यांच्याबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. लोकांच्या सुखाचा इतका विचार करणाऱ्या या विद्वानाने १९८२ साली, चाळिशीही गाठण्याआधी, आपले जीवन स्वतःच्या हाताने संपवले. सुखाचे ज्ञान आणि सुख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून कळते. आणखी एक गोष्ट कळते. खोल खिन्नता हा मेंदूचा आणि मनाचा आजार आहे. मलेरियाला जसे 'मन घट्ट कर' म्हणून भागत नाही, तसे याही आजाराला भागत नाही. आपल्या आळीत एखादा माणूस आठवडेच्या आठवडे गप्प राहू लागला, त्याचे जेवणावरचे आणि कामावरचे मन उडाले, मरणाच्या गोष्टी तो करू लागला, तर त्याला उपदेश करू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला डॉक्टरकडे न्या. केंद्र सरकारने २०२२ साली टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. तो शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवण्यासारखा आहे.

आता आपण अशा गोष्टीकडे येतो, जी विशेषतः गुरुजींनी आणि बाईंनी ऐकावी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या दोन विद्यार्थ्यांनी १९६७ साली कुत्र्यांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले. त्यांनी काहीही केले तरी ते थांबत नसत. पुढे त्यांना एका पेटीत ठेवले. मध्ये लहानसे कुंपण, उडी मारली की सुटका. दुसरी कुत्री पटकन उडी मारून पलीकडे गेली. पण पूर्वी झटके सोसलेल्यांपैकी बहुतेक कुत्री तेथेच आडवी पडून कण्हत राहिली. सुटण्याची वाट समोर होती, पण त्यांनी प्रयत्नच केला नाही. प्रयोग क्रूर होता. आज तसे करू देणार नाहीत. या अवस्थेला त्यांनी 'शिकलेली असहायता' असे नाव दिले.

पन्नास वर्षांनी, म्हणजे २०१६ साली, त्याच दोघांनी आपला सिद्धांत उलटा केला. विद्वानांमध्ये असे फार थोडे करतात! मधल्या काळात मायर मेंदूच्या अभ्यासाकडे वळले होते. त्यांना असे आढळले की असहायता शिकावी लागत नाही. संकट लांबले की हातपाय गाळून बसणे ही मेंदूच्या बुडाशी असलेल्या एका जुन्या केंद्राची उपजत रीतच आहे. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट: 'माझ्या करण्याने काही फरक पडतो' ही जाणीव. ती जाणीव कपाळामागच्या मेंदूत घडते, आणि तेथून खाली निरोप जातो की थांब, इतक्यात हार मानू नकोस. ज्या उंदरांना एकदा असा अनुभव मिळाला, ते पुढच्या, हातात नसलेल्या संकटातही लवकर खचत नव्हते. देवीची लस टोचल्यासारखा त्याचा उपयोग झाला.

आणि त्या आडव्या पडलेल्या कुत्र्यांचे काय झाले? संशोधकांनी त्यांना आमिष दाखवून पाहिले, हाका मारून पाहिले. उपयोग झाला नाही. शेवटी गळ्यात पट्टा घालून त्यांना कुंपणापलीकडे ओढून नेले. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. हळूहळू ओढायला लागणारे बळ कमी होत गेले, आणि एका क्षणी कुत्रे आपण होऊन उडी मारू लागले.

वर्गात मागच्या बाकावर बसून "मला गणित येणारच नाही" म्हणणारे पोर आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ते आळशी आहे असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा ते त्या पेटीतल्या कुत्र्यासारखे असते. त्याने धडपड केली तेव्हा काही फरक पडला नाही, एवढेच त्याचा मेंदू सांगत असतो. त्याला "प्रयत्न कर" असे दहादा सांगून भागत नाही. त्याच्या हाताला धरून एक सोपे उदाहरण त्याच्याकडूनच सोडवून घ्यावे लागते, मग दुसरे, मग तिसरे. उत्तर त्याचे त्याला आले पाहिजे. तेवढ्या क्षणाला त्याच्या कपाळामागे जे घडते ते शंभर उपदेशांनी घडत नाही. सुखाच्या शास्त्रातला सर्वांत मोलाचा धडा माझ्या मते हाच आहे, आणि तो देण्यासाठी फळा आणि खडू पुरे.

सेलिग्मन यांचे मनही असेच एका मुलाने वळवले. ते स्वतःच सांगतात की एकदा बागेत खुरपणी करीत असता पाच वर्षांची मुलगी भोवती नाचत होती, उपटलेले तण उडवीत होती. ते तिच्यावर ओरडले. ती निघून गेली आणि थोड्या वेळाने परत येऊन म्हणाली की तीन वर्षांची असल्यापासून मी रोज कुरकुर करीत असे. पाचव्या वाढदिवशी मी ती सोडायचे ठरवले आणि सोडली. मला जमले तर तुम्हालाही चिडणे सोडता येईल. पोरीचे बोलणे बापाला लागले. १९९८ साली ते अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी असे मांडले की मानसशास्त्राने आजवर रोग शोधले. आता माणसाचे बरे कशाने चालते तेही शोधावे. तेथून या अभ्यासाला मोठा जोर आला.

त्यातून काय निघाले? काही साध्या गोष्टी निघाल्या. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो यांनी २००३ साली दाखवले की आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल ऋणी वाटते अशा चार-पाच गोष्टी लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांना, कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा आपले जीवन बरे वाटू लागले. २००८ साली कॅनडात एलिझाबेथ डन यांनी काही लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले आणि संध्याकाळपर्यंत खर्च करावयास सांगितले. निम्म्यांनी स्वतःवर, निम्म्यांनी दुसऱ्यावर. दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक आनंदी आढळले, मग रक्कम पाच असो की वीस. २०१० साली सुमारे २,२५० लोकांना दिवसातून अधूनमधून विचारून पाहिले, तेव्हा कळले की जागेपणीच्या जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नसते, आणि जेव्हा नसते तेव्हा माणूस कमी सुखी असतो.

मन हातातल्या कामावर आणण्याचा अभ्यास आपल्याकडे जुना आहे. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाभ्यासाचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांनी मोजावयास प्रारंभ केला. अमेरिकेत रिचर्ड डेव्हिडसन यांनी तिबेटी परंपरेतील आठ साधकांच्या डोक्याला तारा लावून पाहिल्या. या साधकांनी दहा हजार ते पन्नास हजार तास ध्यान केले होते. सर्व जीवांविषयी करुणा आणताना त्यांच्या मेंदूत विशिष्ट जलद लहरींचा जोर इतका वाढला की नवशिक्या विद्यार्थ्यांत तसा आढळला नाही. हे २००४ साली प्रसिद्ध झाले. अर्थात, जे पहिलवानाने आयुष्यभर जोर-बैठका मारून कमावले ते आठ दिवसांत पदरात पडेल, असे कोणी समजू नये. यादी लिहिण्याचा, दान करण्याचा, ध्यानाचा परिणाम बहुधा बेताचाच असतो. पण शेताला बेताचे पाणीही नेमाने मिळाले तर पीक उभे राहते.

शेवटची गोष्ट सर्वांत लांब पल्ल्याची. १९३८ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने आपल्या काही विद्यार्थ्यांच्या आयुष्याची नोंद ठेवण्यास सुरुवात केली. एकूण २६८ तरुण. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी त्यांतलेच. पुढे याच अभ्यासाला बॉस्टन शहरातील गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांच्या नोंदी जोडल्या गेल्या. ठरावीक काळाने प्रश्न विचारले, रक्त तपासले, घरी जाऊन बोलले. चालवणारे म्हातारे झाले, नवे आले, पण नोंदवही बंद पडली नाही. तीत फक्त पुरुष होते, हा तिचा मोठा उणेपणा. बायका आणि मुले पुढे सामील झाली. ऐंशी वर्षांच्या या चोपडीतून सर्वांत ठळक काय निघाले? पन्नाशीत ज्यांचे आपल्या माणसांशी संबंध समाधानाचे होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी होते. पन्नाशीतल्या रक्तातल्या चरबीपेक्षाही या समाधानावरून पुढचा अंदाज चांगला बांधता आला. किती माणसे ओळखीची, हा प्रश्न नव्हता. अडीनडीला कोणाचे दार वाजवावे हे ठाऊक आहे का, हा प्रश्न होता.

श्रोतेहो, आता त्या कळीकडे परत येऊ. उंदराची कळ एकट्याची होती. पिंजऱ्यात दुसरे कोणी नव्हते, आणि ती दाबून बाहेर काहीच बदलत नव्हते. पाऊणशे वर्षांच्या शोधात जे टिकले, ते नेमके याच्या उलट आहे. आपल्या करण्याने काही बदलते हा अनुभव. हातातल्या कामावर लक्ष. मिळाले त्याची आठवण. आणि चार माणसांचा आधार. सुगीच्या दिवसांत सावडीने एकमेकांच्या शेतात कापणी होते, बांधावर बसून सगळे एकत्र भाकरी खातात, तेव्हा या चारही गोष्टी एका ठिकाणी येतात. ती चाल आज आपल्या गावांतून विरळ होत चालली आहे. यंत्रे यावीत, कष्ट कमी व्हावेत, हे हवेच. पण यंत्राने वाचवलेला वेळ आपण कोणाबरोबर घालवतो, हे पाहिले पाहिजे. तो वेळ काचेवर बोट सरकवण्यात गेला, तर आपण पिकाऐवजी पिंजरा घरी आणला असे होईल.

आज संध्याकाळी एवढेच करून पाहा. पुष्कळ दिवसांत ज्याच्या घरी गेला नाहीत अशा एका माणसाच्या ओट्यावर जाऊन बसा. काम नसताना जा. आणि उद्या शाळेत गेलात तर मागच्या बाकावरच्या मुलाला त्याला सुटेल असे एक उदाहरण घाला. त्याचे उत्तर बरोबर आले म्हणजे त्याच्या तोंडाकडे पाहा. आजी म्हणत होती ते "ज्याचे त्याला कळते" म्हणजे काय, ते आपल्याला तेथे दिसेल.